दहा वर्षांची मुदत, साठ वर्षांची वाट

गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र १९१७ मध्ये शाहू महाराजांच्या हुकुमाने तशी सक्ती आली. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड.

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी हा विषय संविधान सभेपुढे आला. प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे, असे मसुद्यात म्हटले होते. मार्गदर्शक तत्त्वांत हक्काची भाषा बसत नाही, या लक्ष्मीकांत मैत्र यांच्या आक्षेपामुळे ते शब्द गळाले. आक्षेप बिनचूक, पण फार महाग पडला. चौदा वर्षांची वयोमर्यादा डॉ. आंबेडकरांनी सोडली नाही. त्याहून लहान मुलांना कारखान्यात राबवण्यास संविधानाचीच मनाई होती. मग ती मुले शाळेत नको का?

उरले ते कलम ४५: दहा वर्षांच्या आत हे शिक्षण देण्यासाठी राज्य प्रयत्न करील. १९६० उलटले. कलम ३७ मुळे न्यायालयात दाद मागण्याचीही सोय नव्हती. अखेर १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत मानला. मग २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती, २००९ चा कायदा आणि त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०१० पासून.