मंडपेश्वरचा क्रूस

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूटांच्या वेळचे. काम अर्धवट राहिलेले, पण पुढचा गोल नंदीमंडप असा उतरला आहे की बघत राहावे. सगळी नोकरी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून झाली, त्यामुळे मला तिथे देवाच्या आधी छिन्नीच्या खुणा दिसतात. याच कुळातले एक लेणे पुढे चर्च झाले, हे मात्र निवृत्तीनंतर एका सहलीत बोरिवलीला गेलो तेव्हा नीट समजले.

बोरिवलीचे हे मंडपेश्वर पाताळेश्वराहूनही थोडे जुने मानतात. घारापुरीच्या वळणाचे खांब, आत शिवलिंग, बाजूच्या दालनात नृत्य करणारा शिव. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि मागोमाग फ्रान्सिस्कन पाद्री साष्टीत आले. त्यांतल्या आंतोनियो दो पोर्तो या पाद्र्याने सोळाव्या शतकाच्या मध्यावर हे लेणे ताब्यात घेऊन त्यात चॅपल थाटले. लेण्याच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. कान्हेरीच्या चैत्यातही तेव्हा संत मायकेलची प्रार्थना होत असे. आयते छप्पर, आयते खांब, वर पोर्तुगालच्या राजाचा आश्रय. धर्म बाजूला ठेवला तरी बांधकामाच्या हिशेबात हा सौदा कोणीही केला असता!

खालचे सगळे खडकातून काढलेले, वरचे सगळे चुन्यात रचलेले. खाली सांधा शोधून सापडत नाही. वर मठाच्या भिंतींतून गिलावा गेला आहे, छप्पर तर केव्हाच गेले. हजार वर्षांनी आलेल्या गवंड्यांचे काम आधी ढासळले, आणि त्याचे मला नवल वाटत नाही. चुना पाणी पितो. छप्पर गेले की भिंतीचे डोके उघडे पडते, आणि एकदा पिंपळ रुजला की त्याला कोण आवरणार?

नटराजाची गोष्ट मात्र उलटी. चॅपल करताना त्या शिल्पापुढे आड भिंत घातली. हेतू झाकण्याचा होता, यात शंका नको. पण झाकले गेले म्हणून ऊन, पाऊस आणि माणसांचे हात त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. साष्टीतल्या उघड्या शिल्पांची आज काय दशा आहे ते पाहिले की त्या गवंड्याचे आभार मानावेत की नाही, असा पेच पडतो. शेजारी एका भिंतीवर जुने शिल्प तासून तिथे भला मोठा क्रूस कोरला आहे. तिथे पेच पडत नाही. तिथे गेले ते कायमचे गेले.

पोर्तुगीजांची ही सत्ता मोडली ती पुण्याच्या पेशव्यांच्या फौजेने. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी, १७३९ च्या मे महिन्यात वसई. या मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा पुढच्याच वर्षी वारले. त्यांची समाधी मुठेकाठी ओंकारेश्वराजवळ आहे. मंडपेश्वरातले चॅपल बंद झाले आणि महादेव परतला. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि लेण्यात पुन्हा ख्रिस्ती उपासना सुरू झाली. वसईच्या मोहिमेत हाती लागलेल्या चर्चच्या घंटा घाटावर आल्या त्या देवळांत टांगल्या गेल्या. नसरापूरच्या बनेश्वरात अशी एक आहे, तिच्यावर १६८३ हे साल आणि क्रूस दोन्ही आहेत. कोणी ते खरवडले नाहीत. घंटा चांगली वाजते, एवढे त्यांना पुरले असावे.

आमच्या सहलीतल्या एका गृहस्थांनी मंडपेश्वरात विचारले, "हा क्रूस पुरातत्त्व खात्याने अजून ठेवला कसा?" मी म्हटले, "अहो, १९५८ चा कायदा स्मारक शंभर वर्षांचे आहे का ते विचारतो, कुणाचे आहे ते विचारत नाही. आणि क्रूस तासायचा म्हणजे उरलेला दगडच तासायचा. खालचे शिल्प काही वर येणार नाही." ते गप्प झाले, पटले असे म्हणवत नाही.

त्यांना आणखी एक सांगायचे राहिले. वसई पडून त्रेपन्न वर्षे झाल्यावर, १७९२ मध्ये, त्याच पेशव्यांच्या घराण्यातल्या सवाई माधवरावांनी पुण्यात क्वार्टर गेटजवळ चर्चसाठी जमीन दिली. मागणी फौजेतल्या गोवेकर ख्रिस्ती शिपायांची होती, आणि तिच्यामागे पेशव्यांच्याच चाकरीतला दों मिगेल दि नोरोन्या हा अधिकारी होता. सिटी चर्च ते हेच. चाकरीतल्या माणसांना रविवारी प्रार्थनेला जागा हवी होती आणि धन्याने ती दिली. माझ्या मते त्यात औदार्याइतकाच फौज सांभाळण्याचा व्यवहार होता, आणि व्यवहार म्हटल्याने त्या जमिनीचे मोल कमी होत नाही.