पेन्सिल आणि कंगवा

लहान मुलांच्या कुरळ्या केसांचा इतिहासाशी काय संबंध, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. संबंध आहे, आणि दक्षिण आफ्रिकेत तो अगदी उघडा दिसतो.

आधी केसांविषयी. घट्ट कुरळा केस मुळापासूनच वळत वाढतो. डोक्याच्या त्वचेतून सुटणारं तेल इतक्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून तो लवकर कोरडा पडतो आणि ओढला की वळणावर तुटतो. असे केस विंचरणारी आई घाई करत नाही. केस ओले करायचे, तेल लावायचं, रुंद दातांचा कंगवा घ्यायचा आणि टोकांपासून सुरुवात करून हळूहळू मुळांकडे जायचं. गुंता आला की थांबायचं, बोटांनी सोडवायचा. मग डोक्यालगत बारीक वेण्या घातल्या की केस काही दिवस सुरक्षित राहतात. आफ्रिकेत ही वेण्यांची कला फार जुनी आहे.

आता 1950 सालाकडे येऊ. त्या वर्षी वर्णभेदी सरकारनं लोकसंख्या नोंदणी कायदा केला आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंश लिहिला जाऊ लागला. गोरा कोण? जो उघडपणे गोरा दिसतो किंवा ज्याला सर्वसाधारणपणे गोरं मानतात तो, असं कायदा म्हणत होता. तर्कशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल, ही व्याख्या स्वतःभोवतीच फिरते. ज्याला गोरा मानतात तो गोरा!

अशी व्याख्या हाती असली की अधिकाऱ्याला काहीतरी खूण लागतेच. कायद्यात न लिहिलेली एक चाचणी त्यातून रूढ झाली. केसांत पेन्सिल खुपसायची. खाली पडली तर माणूस गोरा, अडकली तर नाही. कुठे राहायचं, कुठे शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, हे सगळं त्या वर्गीकरणावर ठरायचं.

सँड्रा लेंग हिचं उदाहरण घ्या. जन्म 1955 चा. आईवडील दोघंही कायद्यानं गोरे, पण मुलीचा रंग सावळा आणि केस घट्ट कुरळे. 1966 साली, वयाच्या दहाव्या वर्षी, तिला गोऱ्यांच्या शाळेतून पोलिसांच्या सोबतीनं घरी पाठवण्यात आलं. सरकारदप्तरी ती आता ‘मिश्रवर्णीय’ झाली होती. वडील न्यायालयात भांडले. 1967 साली कायद्यात दिसण्याऐवजी आईबापांच्या वंशाला महत्त्व आलं आणि तीच मुलगी पुन्हा ‘गोरी’ ठरली. केस तेच, डोकं तेच, निवाडे मात्र दोन! मग ती पेन्सिल नेमकं काय मोजत होती?

1991 साली तो कायदा रद्द झाला, पण सवय गेली नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये प्रिटोरियातील एका मुलींच्या सरकारी शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनी निदर्शनांना उतरल्या. आमचे केस नैसर्गिक ठेवले तर ते ‘नीटनेटके’ धरत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. वंशाची जागा आता शिस्तीनं घेतली होती. प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी केसांविषयीचा नियम स्थगित केला. त्या आंदोलनाचा चेहरा झालेली झुलैखा पटेल तेव्हा 13 वर्षांची होती. पुढे तिनं लहान मुलांसाठी पुस्तक लिहिलं, तेही अशाच केसांवर.

आमच्या मते या इतिहासात ज्ञानाच्या दोन रीती समोरासमोर येतात. पेन्सिलही केसांत अडकते आणि कंगवाही. पेन्सिल अडकली की अधिकारी निकाल लिहून मोकळा होतो. कंगवा अडकला की आई थांबते, तो गुंता कसा आहे ते पाहते आणि हात बदलते. पहिल्या रीतीला उत्तर आधीच हवं असतं. दुसरीला समोरचं मूल कसं आहे ते जाणून घ्यायचं असतं.

मुलांसाठी नियम करणाऱ्या प्रत्येकानं, मग तो घरात असो वा शाळेत, आपल्या हातात यांपैकी काय आहे ते एकदा पाहावं.