लवकर झोपा रे

परवा एस.टी. स्टँडवर एकानं वाकून नमस्कार केला. केस पिकलेले, पोट सुटलेलं. "सर, वळखलं का?" नाही ओळखलं. नाव सांगितल्यावर मात्र नववी 'ब'चा शेवटचा बाक डोळ्यांसमोर आला.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. मी तेव्हा किल्लारीजवळच्या एका गावात हायस्कूलला इतिहास शिकवायचो, राहायला लातूरला. संध्याकाळी निघताना मिरवणुकीतल्या पोरांना दटावलं, "उद्या शाळा आहे, लवकर झोपा रे." पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ८ हजारांच्या आसपास माणसं गेली.

माळवदाची घरं होती ती. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडांवर मातीचा थर. उन्हाळ्यात आत काय गारवा असायचा! गळू नये म्हणून वर्षानुवर्षं वर माती चढत जायची. माझा हा विद्यार्थी पुढे गवंडी झाला, आता बांधकामाचे ठेके घेतो. टपरीवर चहा पिताना त्यानंच मला समजावलं. भिंत म्हणजे दगडांचे दोन पदर, मध्ये नुसती भर. दोघांना सांधणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला की पदर सुटतात आणि वरची सगळी माती अंगावर. भूकंपानंतर सरकारनं घरं मजबूत करायचं काम काढलं, तेव्हा तो हे शिकला म्हणे. मी वर्गात देवगिरीच्या किल्ल्याचं बांधकाम रंगवून सांगायचो, आणि पोरांच्या डोक्यावरच्या छपराबद्दल मला काडीची माहिती नव्हती. असो.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. रुंद, सरळ रस्ते, पण शेजारी लांब गेला. कितीतरी जण पक्कं घर सोडून बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे. याची आई शेवटपर्यंत तशीच झोपली.

शाळाही पत्र्याखालीच पुन्हा भरली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मी चौथ्या नावाला थांबलो. वर्ष संपेपर्यंत नुसती डोकी मोजली, नावं पुकारली नाहीत. पहिली नावं पुढच्या बाकांवरची होती. माझं ऐकणारी पोरं ती.

गाडी लागली. चढता चढता तो सहज बोलून गेला, "त्या रात्री तुमचं ऐकलं नाही सर. आम्ही दोघं-तिघं पारावरच गप्पा हाणत बसलो होतो."

"बरं केलंस," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. कंडक्टरनं घंटी मारली होती.