पायमोजे, परकर आणि नऊवारी : आनंदीबाई जोशी यांच्या वेशबदलाचा विचार

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या वेशभूषेचा इतिहास लिहिताना लुगडे, चोळी व अलंकार यांची चर्चा विस्ताराने होते. आतील वस्त्रे व पायमोजे मात्र बहुधा दुर्लक्षित राहतात. वास्तविक या दोहोंचा संबंध घनिष्ठ आहे. कोणते पायमोजे घालावयाचे, हे आत काय नेसले आहे यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा संबंध डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या उदाहरणाच्या आधारे तपासला आहे.

ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, भाईंदर-गोडदेव परिसरातील मिठागरांत व भातखाचरांत राबणाऱ्या आगरी स्त्रिया लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून नेसत. चिखलात व खाऱ्या पाण्यात काम करणाऱ्यांच्या पोटऱ्या उघड्या राहणे स्वाभाविकच होते. याच जिल्ह्यातील कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मलेल्या आनंदीबाईंची (१८६५-१८८७) ब्राह्मणी नऊवारी अधिक खाली पोहोचत असे, तरी कासोट्यामुळे पोटऱ्यांचा काही भाग उघडाच राही. दोन्ही पद्धतींत कासोटा हेच एका परीने आतले वस्त्र होते. निराळ्या परकराची गरज नव्हती.

परकर व पायमोजे यांची जोडी मुंबई इलाख्यात पारशी स्त्रियांमुळे परिचित झाली होती. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६० च्या दशकात मुंबईस आल्या. पारशी धर्तीवरील नेसण त्यांनी बंगालमध्ये नेली, ती परकर, पोलके, बूट व पायमोजे यांच्यासह. या वस्तू सुट्या सुट्या गेल्या नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. प्रथम रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी व नंतर फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे वास्तव्य झाले. तेथील थंडीत नऊवारीखाली लोकरी पायमोजे चढवावेत, हा उपाय वरवर सोपा वाटतो. परंतु पायमोजा वर टिकावयाचा तर त्याला आधार हवा. पाश्चात्त्य स्त्रिया तो गुडघ्याशी बंदाने बांधीत किंवा कमरेच्या घट्ट अंतर्वस्त्राला पट्ट्यांनी अडकवीत. चोळी छातीखालीच संपते. तिला पट्टे लावणार कोठे? उरला गुडघ्याचा बंद. कासोटा मागे ओढला की पोटरीवरचे वस्त्र वर सरकते आणि पायमोजाही दिसतो, बंदही. सरळ घोट्यापर्यंत उतरणाऱ्या परकरात मात्र दोन्ही झाकले जातात, शिवाय उबेचा आणखी एक थर मिळतो. आनंदीबाईंनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची नेसण स्वीकारली, त्यामागे थंडीपासूनचे संरक्षण हे कारण होते. या नेसणीची व्यावहारिक सोय वरील विवेचनावरून कळते.

हा बदल गोपाळरावांना रुचला नाही. पत्नीला शिकविण्यासाठी समाजाचा रोष पत्करणारा हा गृहस्थ कासोटा सुटल्याने अस्वस्थ व्हावा, यात विसंगती आहे खरी. पण ती त्या काळाच्या सुधारकांना सर्वस्वी अपरिचित नव्हती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाण्याची व हिंदू म्हणूनच परतण्याची ग्वाही दिली होती. त्या ग्वाहीचे माप आता नेसणीवरून घेतले जात होते, आणि थंडी सोसावयाची होती ती आनंदीबाईंनाच. त्यांनी साडी सोडली नाही. १८८५ च्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानी व सीरियन सहाध्यायिनींसमवेत त्या साडीतच दिसतात. ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेऊन त्या वर्षअखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने निवर्तल्या.

पाश्चात्त्य देशांत पुढे, १९५९ साली, पायमोजा व अंतर्वस्त्र यांचे एकसंध वस्त्र बाजारात आले आणि आधाराचा प्रश्नच उरला नाही. महाराष्ट्रात विसाव्या शतकात पाचवारी रुळली ती परकरासह. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पायमोज्यांना तशी जागा मिळाली नाही.