वरचं घर, खालचं घर

मुक्तेश्वरची गुरांच्या रोगांवरची प्रयोगशाळा मूळची पुण्याची, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. १८८९ साली ती पुण्यात निघाली. बुळकांडीसारख्या रोगाचे जंतू भरवस्तीत आणि उकाड्यात सांभाळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये तिचं बिऱ्हाड थेट हिमालयातल्या कुमाऊंत, साडेसात हजार फुटांवर, बांज आणि देवदाराच्या जंगलात हललं. हिवाळ्यात बर्फ, आसपास वस्ती विरळ, समोर नंदादेवी. रॉबर्ट कॉखसारखा जंतुशास्त्रज्ञ १८९७ मध्ये तिथे येऊन गेला. पण वीस वर्षांत, १९१३ साली, या संस्थेला बरेलीजवळ इज्जतनगरला खाली दुसरं ठाणं उघडावं लागलं. आज मुख्यालय खाली आहे आणि मुक्तेश्वर हे तिचं एक केंद्र.

पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेल्या माझ्यासारख्याला यातलं ‘खाली दुसरं ठाणं’ एवढंच लक्षात राहतं. निवृत्तीनंतर बर्फाच्या डोंगरात घर असावं ही हौस आमच्या घरात सौ.ची. कौसानीला तिने एकदा पहाटे त्रिशूळ पाहिला आणि विषय संपला. मला डोंगरापेक्षा डोंगराचे कागद वाचायला आवडतात. तेव्हा जमीन बघण्याआधी मी हे बघत बसलो, की या उतारांवर म्हातारपण काढायला पूर्वी कोण कोण आलं आणि त्यांचं पुढे काय झालं.

सगळ्यात आधी आठवतात ते साहेब. सिमल्याचं पहिलं पक्कं घर १८२२ चं, लंढौरची छावणी त्यानंतर थोड्याच वर्षांत आजारी गोऱ्या सैनिकांना हवापालट म्हणून वसवलेली. नैनितालचा किस्सा मात्र वेगळा. शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन १८४१ च्या सुमारास तिथे पोचला आणि तळ्यावर हक्क सांगणाऱ्या नरसिंग थोकदाराला होडीत बसवून मध्यावर नेऊन त्याच्याकडून त्याने कागदावर सही घेतली. हे त्याने स्वतःच मोठ्या फुशारकीने लिहून ठेवलं आहे. डोंगरातला जमिनीचा व्यवहार कसा सुरू झाला याचा याहून चांगला दाखला मला तरी सापडला नाही.

या गावांत निवृत्त होऊन राहिलेले साहेब मोठे नव्हते. मोठे कलेक्टर-जज्ज मायदेशी परतत. मागे राहत ते पोस्टातले, रेल्वेतले, सर्व्हे खात्यातले. त्याला हिशेबाचं कारण होतं. १८७० च्या आसपास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. चांदी घसरत गेली आणि १८९८ पर्यंत भाव एक शिलिंग चार पेन्सवर येऊन ठरला. रुपयांत साठवलेल्या पैशाची किंमत विलायतेत एक तृतीयांशाने कमी झालेली. मग थंड हवा, स्वस्त नोकरचाकर आणि चर्चची घंटा हे सगळं मसुरी-नैनितालमध्येच मिळत असेल तर जहाजाचं भाडं कशाला भरायचं?

जागा निवडण्यात मात्र त्यांनी एक गोष्ट हट्टाने केली. बंगला बांधायचा तो धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, नाहीतर तळ्यावर लोंबणाऱ्या उतारावर. कारण तिथून दिसतं. पाणी खालून माणसं आणत, त्यामुळे पाणी कुठे आहे याची फिकीर त्यांना नव्हती.

१८८० च्या सप्टेंबरात नैनितालवर दोन दिवस पाऊस ओतला आणि १८ तारखेला शेर-का-डांडाचा उतार सुटला. व्हिक्टोरिया हॉटेल गेलं, नैनादेवीचं देऊळ गेलं, १५१ माणसं गाडली गेली. त्या उतारावर आधीही माती घसरली होती. आज पर्यटक जिथे आइस्क्रीम खात फिरतात त्या ‘फ्लॅट्स’ मैदानात त्या दरडीची बरीच माती आहे. नंतर सरकारने समिती नेमली, उतारावरून पाणी वळवणारे दगडी नाले बांधले, आणि नैनिताल अजून उभं आहे त्यात त्या नाल्यांचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे. आता त्या नाल्यांत काय काय टाकलं जातं हे पाहिलं की माझ्यातला जुना अभियंता अस्वस्थ होतो, पण ते राहू द्या.

या दरडीनंतर शहाणपणाने वागलेली एक बाई मला फार आवडते. मेरी जेन कॉर्बेट. नवरा नैनितालचा पोस्टमास्तर, १८८१ मध्ये वारला. पदरात मोठा गोतावळा. बाई घरं भाड्याने लावून देण्याच्या धंद्यात होती, म्हणजे कोणता उतार कसा आहे हे तिला कोणाहूनही जास्त माहीत. तिने स्वतःचं घर, गर्नी हाऊस, बांधलं ते तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, अयारपाट्यावर. ते आजही आहे. आणि हिवाळा लागला की सगळं कुटुंब सामानसुमान, कुत्री, मुलं घेऊन खाली काळाढुंगीला उतरायचं. तिचा मुलगा जिम, तोच वाघांवाला, आयुष्यभर हेच करत आला. नैनितालची वीज, रस्ते, पाहुणे उन्हाळ्यापुरते. थंडीत जंगलाच्या कडेचं खालचं घर. नोव्हेंबर १९४७ मध्ये तो आणि बहीण मॅगी केनियाला गेले ते दोन्ही घरं सोडून.

कॉर्बेट कुटुंबाने हे काही नव्याने शोधलं नव्हतं. कुमाऊंच्या खेड्यापाड्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत होती. कातिकात खरीप घरात आलं की गुरं हाकत भाबरात उतरायचं, चैताच्या सुमारास परत वर. भाबर म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा. तिथे नद्या चक्क जमिनीत गडप होतात आणि पुढे तराईत पुन्हा वर येतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथे हिवतापाचं राज्य, म्हणून कायम राहणं अशक्य. हिवाळ्यात मात्र ऊन, चारा आणि लाकूड मुबलक. वर राहायचं की खाली, हा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. कुठल्या महिन्यात कुठे, एवढंच ठरवायचं.

त्या भाबरात कालवे काढले हेन्री रॅमसेने. हा १८५६ ते १८८४ कुमाऊंचा आयुक्त, लोक त्याला कुमाऊंचा राजा म्हणत. गडप होणारं पाणी डोंगराच्या तोंडाशीच धरून पाटाने फिरवायचं, ही कल्पना कागदावर साधी वाटते. गोट्यांच्या जमिनीत ज्याने कधी पाट चालवून पाहिला आहे त्यालाच तिची खरी किंमत कळेल. थंडीत हा गृहस्थ खाली मुक्काम टाकून असे. निवृत्त झाल्यावर इतरांसारखा विलायतेला न जाता अल्मोड्यातच राहिला. एवढा मुरलेला माणूस, भाषा येणारा, शब्दाला मान असलेला. पण अगदी शेवटी, हातपाय थकल्यावर, त्यालाही इंग्लंडला जावं लागलं आणि १८९३ मध्ये तो तिथेच वारला.

याच्या अगदी उलट बाजूने आलेला माणूस म्हणजे नैनसिंग रावत. जोहार खोऱ्यातला, मिलमकडचा. हे गाव अकरा हजार फुटांच्या वर, हिमनदीच्या तोंडाशी. तिथली माणसं उन्हाळ्यात मिलमला, थंडीत पार खालच्या खोऱ्यांत, आणि मधल्या काळात तिबेटशी व्यापार. १९६२ च्या युद्धाने तो व्यापार बंद पडला. इंग्रजांच्या सर्व्हे खात्यासाठी नैनसिंगने शंभर मण्यांच्या माळेवर पावलं मोजत १८६६ मध्ये ल्हासा गाठलं. पुढे लेहहून ल्हासा, तिथून तवांग असा प्रचंड प्रवास करून १८७५ मध्ये तो थांबला. लंडनच्या भूगोल संस्थेने सुवर्णपदक दिलं आणि सरकारने म्हातारपणाची तजवीज म्हणून एका गावाचा महसूल लावून दिला. ते गाव रोहिलखंडात, म्हणजे सपाटीवर. आयुष्यभर बर्फाच्या खिंडी ओलांडलेल्या माणसाचं पेन्शनसुद्धा मैदानातून येत होतं.

बारा महिने वरच राहिलेलेही आहेत, नाही असं नाही. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक १९२८ मध्ये कुलूच्या नग्गरला आला आणि डिसेंबर १९४७ मध्ये वारला तो तिथेच. पण त्याच्यासोबत बायको, मुलगे, संशोधन संस्था, नोकरमाणसं असा अख्खा वाडा होता. हिंदी कवयित्री महादेवी वर्मांनी कुमाऊंतल्या रामगढला घर बांधलं, ‘मीरा कुटीर’. त्यांचं काम आणि कॉलेज अलाहाबादला, रामगढ उन्हाळ्याचं.

आता जागेविषयी, कारण कुमाऊंची जुनी गावं पाहिल्याशिवाय हे समजत नाही. गाव सहसा धारेवर नसतं आणि नदीकाठीही नसतं. ते उताराच्या मध्यावर, सकाळचं ऊन पहिल्यांदा पडेल अशा अंगाला असतं. घर दगडाचं, दुमजली. खाली गोठ, तिथे गुरं, म्हणजे त्यांची ऊब वरच्या मजल्याला. छपरावर पाथराच्या फरश्या. वर बांजाचं जंगल आणि गावाच्या अंगाला नौला, म्हणजे झिरपणाऱ्या पाण्यावरचं दगडी टाकं. अल्मोड्याजवळचा एक नौला मी वाकून पाहिला. गुडघ्याएवढ्या उंचीचं दगडी छत, तीन बाजू बंद, आत चौकोनी पायऱ्या लहान लहान होत खाली गेलेल्या. सगळ्यात खालची पायरी हातभरसुद्धा लांब नाही. तिथे डोंगरातून झिरपलेलं पाणी, इतकं स्तब्ध की आहे की नाही हे हात घातल्यावरच कळावं. भिंतीत विष्णू. पाणी भरायला आलेल्या आजींनी मला चप्पल काढायला लावली आणि मग विचारलं, जमीन घ्यायला आलात का? हो म्हटल्यावर म्हणाल्या, मुलगा हल्द्वानीत आहे, थंडीत मी पण तिकडेच असते.

दलालाने दाखवलेला प्लॉट याच्या बरोबर उलट होता. धारेवर, बर्फाची शिखरं दिसणारा, उत्तरेकडे तोंड. खालच्या बाजूला नुकती कापलेली माती, तिला ना धरणारी भिंत ना पाण्याला वाट. पाण्याचं विचारलं तर उत्तर आलं, टँकर येतो. साहेब गेले, भिस्ती गेले, टँकर आला.

आता कायदाही आडवा येतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. हिमाचलमध्ये १९७२ च्या कायद्याच्या ११८ व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन मिळत नाही. उत्तराखंडात शहराबाहेर बाहेरच्या माणसाला घरासाठी २५० चौरस मीटरच, म्हणजे आपले अडीच गुंठे. २०२५ च्या दुरुस्तीनंतर तेरापैकी अकरा जिल्ह्यांत शेतीची आणि फळबागांची जमीन बाहेरच्यांना बंद झाली. दुसरीकडे, त्याच राज्याच्या स्थलांतर आयोगाने २०१८ मध्ये सांगितलं की २०११ नंतर ७३४ गावं पूर्ण ओस पडली. तिथली माणसं डॉक्टर, शाळा आणि रोजगारासाठी खाली उतरली आणि परत वर गेली नाहीत. आपल्यासारखे पेन्शनर वर जाऊ पाहतात ते मुळात त्यांच्या रिकाम्या झालेल्या उतारांवर. जोशीमठ खचताना तर सगळ्यांनी २०२३ मध्ये दूरदर्शनवर पाहिलंच. जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं शहर, १९७६ मध्येच मिश्रा समितीने सावध केलेलं.

आमच्या घरी बऱ्याच वादानंतर असं ठरलं: अल्मोड्याच्या बाजूला, पाण्याच्या जवळ, जिल्हा रुग्णालयापासून लांब नाही अशा दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या. चैत्र-वैशाख तिथे, पावसाळ्यात परत, दसऱ्यानंतर पुन्हा महिनाभर. नाशिकचा फ्लॅट विकायचा नाही. सौ.ला शिखरं खिडकीतून हवी होती, ती गच्चीवरून दिसतील.

तुम्ही घेणारच असाल तर मे महिन्यात जाऊन सौदा करू नका. मे महिन्यात फक्त पाण्याचा झरा बघा आणि गावातल्या बायकांना विचारा की हंडा कुठून भरता. भाद्रपदात उताराची माती बघा. पौषात जाऊन त्या जागेवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते घड्याळ लावून बघा. आणि शेजारचं म्हातारं माणूस थंडीत कुठे असतं, हे विचारल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नका.