प्रतिसरकार, सातारा
भारत छोडो आंदोलनात तत्कालीन सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता) लोकांनी उभारलेली समांतर राज्यव्यवस्था (१९४३–४६). सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाल्यावर लढा भूमिगत झाला. नेते क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड प्रमुख सहकारी. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वे लुटण्यात आली. पण प्रतिसरकारचे खरे बळ गावोगावच्या न्यायदान मंडळांत होते. ब्रिटिशांच्या कचेरीची पायरी न चढता जमिनीचे तंटे गावातच मिटत. सावकाराने बळकावलेले रान कुळाला परत मिळे. लग्ने थोडक्या खर्चात लागत. गुंड व खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या बसत. ही शिक्षा क्रूरच होती. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या बायांची नावे इतिहासात फारच थोडी आली.