सव्वाचार तासांचे अंतर : ‘वापर’ या शब्दाचा एक न्यायालयीन इतिहास

२९ ऑक्टोबर १९८७. पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर, पेट्रोल भरलेला एक टँकर आणि समोरून येणारा मालट्रक यांची टक्कर झाली. टँकर पुण्याहून बंगलोरच्या दिशेने चालला होता. धडकेने तो रस्ता सोडून सुमारे वीस फुटांवर जाऊन डाव्या कुशीवर कलंडला. त्यातले पेट्रोल गळून जवळपास साचू लागले. उजाडले तशी तिथे माणसे जमली. सकाळी सव्वासातच्या सुमारास टँकरचा स्फोट झाला आणि आग भडकली. जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले, त्यातले काही दगावले. दगावलेल्यांत एका आईचा मुलगा होता.

या आईने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. तेव्हाच्या कायद्यानुसार कोणाची चूक हे सिद्ध न करताही मृताच्या वारसांना जी ठरावीक रक्कम मिळत असे, ती तिने मागितली होती. रक्कम होती पंधरा हजार रुपये. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. मग टँकरच्या मालकाची बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १७ जुलै १९९१ रोजी तिथेही निर्णय आईच्या बाजूने लागला. पंधरा हजारांसाठी पावणेचार वर्षे आणि न्यायव्यवस्थेच्या साऱ्या पायऱ्या.

साहित्याच्या अभ्यासकांनी या निकालाकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सरळ आहे. टक्कर झाली होती, स्फोट झाला होता, मुलगा गेला होता. या घटनांविषयी कोणाचे दुमत नव्हते. वाद होता तो वाक्याच्या अर्थाविषयी. कायद्याचे वाक्य साधारणपणे असे होते : ‘मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेल्या अपघातामुळे’ मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई द्यावी. आता प्रश्न असा, की कुशीवर पडलेला, जागचा हलू न शकणारा टँकर सव्वासात वाजता ‘वापरात’ होता काय? आणि टकरीनंतर सव्वाचार तासांनी झालेला स्फोट हा त्या वापरातून ‘उद्भवला’ असे म्हणता येईल काय? एका घराचा हक्क दोन शब्दांच्या अर्थावर येऊन थांबला होता.

हे वाक्य इथवर कसे पोहोचले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपला अपघातविषयक कायदा इंग्रजी कायद्याच्या मुशीतून आला आणि त्या कायद्याची सुरुवात मृताच्या कुटुंबाला रिकाम्या हाती परत पाठवण्यापासून झाली. १८०८ साली इंग्लंडमध्ये ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ हा खटला चालला. घोड्यांची प्रवासी गाडी उलटून एक दांपत्य जखमी झाले. पत्नी सुमारे महिन्याभराने वारली. नवऱ्याला स्वतःच्या जखमांबद्दल आणि पत्नी जिवंत असेपर्यंत तिच्या सहवासाला मुकावे लागले त्याबद्दल शंभर पौंड मिळाले. पण तिच्या मृत्यूबद्दल काहीही नाही. मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानी नव्हे, असा दंडक लॉर्ड एलनबरो यांनी घालून दिला. त्याचा व्यवहारातला अर्थ भयंकर होता : माणसाला जखमी करणे गाडीमालकाला महाग पडे, ठार मारणे स्वस्त.

आगगाड्या धावू लागल्या, अपघातांतले मृत्यू वाढले, तेव्हा हा दंडक टिकणे अवघड झाले. १८४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने प्राणांतिक अपघातांचा कायदा करून मृताच्या पत्नीला, पतीला, आईवडिलांना आणि मुलांना भरपाईचा हक्क दिला. त्याच धर्तीवर १८५५ साली हिंदुस्थानासाठी तेरावा कायदा झाला. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मात्र या कायद्याच्या केंद्रस्थानी ‘चूक’ हाच शब्द राहिला. ज्याच्या गैरकृत्याने, हयगयीने वा कसुरीने मृत्यू ओढवला, त्यानेच भरपाई द्यायची. आणि ती हयगय सिद्ध करायची कोणी, तर जिच्या घरातले माणूस गेले तिने.

ट्रकच्या बाबतीत ही अट विशेष जाचक ठरते. ट्रक चालवतो एक, त्याचा मालक असतो दुसरा, माल तिसऱ्याचा आणि विमा चौथ्याकडे. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार, हे तत्त्व कायद्याने मान्य केले होते. १८६२ सालच्या लंडनमधील घोड्यांच्या बसच्या एका खटल्यात तर कंपनीने चालकाला स्पर्धकांच्या गाड्या अडवू नयेत अशी स्पष्ट ताकीद दिलेली असूनही कंपनीच जबाबदार धरली गेली. पण मालक जबाबदार ठरायचा तर आधी चालकाची हयगय सिद्ध व्हायला हवी. अपघात रात्री झालेला, साक्षीदार पांगलेले, ट्रक परराज्यातला. ज्याला सारे ठाऊक असण्याची शक्यता तो एक तर मेलेला, नाही तर प्रतिपक्षाचा नोकर!

पुढची वाट टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी विमा सक्तीचा केला. ही तरतूद प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून लागू झाली. त्यामुळे मालकाकडे पैसे नसले तरी भरपाईचा झरा अगदीच आटणार नाही, अशी सोय झाली. १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली आणि दिवाणी दाव्याचा मोठा मुद्रांक व लांबलचक कारभार टळला. तरी ‘चूक’ या शब्दाची पकड सुटली नव्हती. मुंबईतील ट्रक आणि मोटार यांच्या टकरीवरून उभ्या राहिलेल्या मिनू मेहता खटल्यात, हयगय सिद्ध झाल्याखेरीज वाहनमालकावर दायित्व येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट सांगितले. त्याच सुमारास न्या. कृष्ण अय्यर यांच्यासारखे न्यायाधीश मात्र निकालपत्रांतून चूकनिरपेक्ष दायित्वाचा कायदा व्हावा असा आग्रह धरत होते.

तो कायदा १९८२ साली झाला. १ ऑक्टोबर १९८२ पासून अमलात आलेल्या कलम ९२-अ प्रमाणे मृत्यूसाठी पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये, कोणाचीही चूक न दाखवता, मिळू लागले. एवढेच नव्हे, तर मृत व्यक्तीची स्वतःची चूक होती या कारणाने ही रक्कम नाकारता येणार नाही अथवा कमीही करता येणार नाही, असेही कलमात म्हटले होते. कवठ्याची हकीगत ऐकताना ‘पण तो मुलगा तिथे गेलाच कशाला?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. १८०८ पासून चालत आलेली ती सवय आहे. या कलमाने तो प्रश्न किमान पंधरा हजारांपुरता विचारायचाच नाही असे ठरवले.

चुकीचा प्रश्न बाजूला झाला, तेव्हा सारा भार ‘वापर’ आणि ‘उद्भवणे’ या शब्दांवर आला. कवठे खटल्याचे महत्त्व इथे आहे. मालकाच्या बाजूचा युक्तिवाद वाच्यार्थाला धरून होता. वाहन चालते तेव्हा ते वापरात; पडले की वापर संपला. पहाटेची टक्कर हा एक अपघात, सकाळचा स्फोट ही दुसरी, स्वतंत्र घटना.

आपण वर्गात लक्षणा शिकवताना ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण देतो. वाच्यार्थ धरला तर गवळीवाडा प्रवाहात बुडेल, म्हणून तीरापर्यंत अर्थ न्यावा लागतो. न्यायालयाने लक्षणेचे नाव अर्थातच घेतले नाही; परंतु शब्दाचा हेतू पाहून अर्थाची कड कुठवर न्यायची, हाच विचार त्याने केला. हा कायदा अपघातग्रस्तांच्या हितासाठी आहे, म्हणून ‘वापर’ हा शब्द संकुचित अर्थाने घेता येणार नाही. वाहन थांबलेले असेल, बिघाडाने वा अपघाताने हलू शकत नसेल, तेवढ्याने त्याचा वापर संपला असे होत नाही. दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. ‘वापरामुळे झालेला’ आणि ‘वापरातून उद्भवलेला’ यांत भेद आहे. पहिल्या शब्दप्रयोगाला निकटचे, थेट कारण लागते. दुसऱ्याला कार्यकारणाचा धागा पुरतो, तो थोडा लांबचा असला तरी चालतो. ऑस्ट्रेलियातील न्यायनिर्णयांत झालेल्या चर्चेचाही न्यायालयाने इथे आधार घेतला. कायदेमंडळाने व्यापक शब्द निवडला असेल, तर न्यायालयाने तो अरुंद करू नये.

मग सव्वाचार तासांचे काय? टँकरमध्ये होते ते अत्यंत ज्वालाग्राही पेट्रोल. टकरीने टँकर कुशीवर पडला, पडल्याने पेट्रोल गळले, गळल्याने स्फोटाचा धोका उभा राहिला. ही साखळी वेळेने ताणली गेली, तुटली नाही. म्हणून स्फोट हा टँकरच्या वापरातूनच उद्भवलेला अपघात ठरला.

शब्द नेहमीच असा पसरतो, असे मात्र समजू नये. मालट्रकमधून माणसे नेणे आपल्याकडे नवे नाही. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेकरू, ऊसतोडीच्या टोळ्या असा प्रवास करीत आल्या आहेत. अशा ट्रकला अपघात झाला तर विमा कंपनी जबाबदार काय? १९८८ च्या नव्या कायद्यातील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत मालट्रकमधला प्रवासीही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली म्हटले. २००२ साली मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला. मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी १९९४ च्या दुरुस्तीने विम्याच्या छत्राखाली आला, फुकट बसवून नेलेला प्रवासी मात्र बाहेर राहिला. त्याच्या वारसांना ट्रकमालकाकडे मागणे मागता येते. पण विमा नसलेल्या मालकाकडून वसुली होणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको. चालक आणि क्लीनर यांच्यासाठी १९२३ पासून २०२५ पर्यंत कामगार भरपाईचा स्वतंत्र कायदा होता. ट्रकच्या हौद्यात बसलेली मजूर बाई, ती मालाचीही धनीण नाही आणि ट्रकची नोकरही नाही, म्हणून शब्दांच्या फटीत अडकते.

कवठ्यानंतर आकडे बदलले. पंधराचे पंचवीस आणि १९९४ साली पन्नास हजार झाले. त्याच वर्षी दाव्याची मुदतीची अट गेली आणि अर्जदाराला स्वतः राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा लावण्याची मुभा मिळाली. साताऱ्याच्या बाईला परक्या जिल्ह्यात खेटे घालण्याची गरज उरली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, चूक न दाखवता मिळणारी रक्कम मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाली. परंतु याच दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. घरातला कर्ता माणूस गेल्यावर पहिले सहा महिने कसे जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आव्हानाचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

अर्थनिर्णय ही आपण परीक्षेत गुण देण्यापुरती गोष्ट मानतो. शब्दाचा अर्थ थोडा अलीकडे थांबवला काय आणि पलीकडे नेला काय, वर्गात कोणाचे काही बिघडत नाही. कवठ्याच्या त्या निकालात मात्र अर्थ वीस फूट आणि सव्वाचार तास पलीकडे नेला गेला, म्हणून एका आईचा अर्ज टिकला. पुढच्या खेपेस ‘शब्दशक्ती’ हा घटक शिकवायला घेताना काव्यातल्या उदाहरणांच्या शेजारी हे कलमही फळ्यावर लिहावे, असे मला वाटते.